तात्पुरते दात

८ जानेवारी

चार दात काढले आज! शहापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, ठिगळं लावून भागणार नाही. अख्ख्या तोंडाचंच काम करावं लागेल." उरलेले झिजलेत, किडलेत, मिश्रीने काळे पडलेत. आधी मुळांची साफसफाई, मग टोप्या, जिथे दात नाहीत तिथे पूल. दात झिजल्यामुळे चेहराही बसलाय म्हणे. मला वाटायचं, वय झालं.

"सोबत कोण आलंय?"

पिशवी, म्हटलं. त्या हसल्या. मीही हसले असेन, पण पदर तोंडावर होता. सवयच ती.

९ जानेवारी

गाल सुजला. पेज. परत पेज.

१९ जानेवारी

जनी कुळीथ भाजतेय. वास थेट इकडे. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा दोघा भावांनी मधे कारवीचा कूड घातला, शेणामातीने लिंपलेला. भाऊ गेले दोघेही, कूड आहे. अलीकडे मी, पलीकडे माझी थोरली जाऊ. तिचा ओमकार नोकरीला वाशिंदला, तिकडेच राहतो. मला पोरबाळ नाही. म्हणजे दोन चुली, दोन बायका, आणि बोलणं बंद!

मुरबाडच्या त्या हळदीत भर बायकांत म्हणाली होती, "आमची गुणा परत बाळ झाली, बोळकं बघा तिचं!" सगळ्या खिदळल्या. पण पहिली हसली ती जनी. मी जेवण न घेता निघाले, ते आजतागायत तिच्या दारात पाय ठेवला नाही.

हे दात तिच्यासाठीच चाललेत. पुरे झाले की तिच्या नाकासमोर उभी राहून हसणार आहे. पदर न घेता!

१२ फेब्रुवारी

आज तोंडभर दात! पण तात्पुरते. बाईंनी नीट समजावलं — "महिनाभर वापरा. भरपूर बोला. घरच्यांशी गप्पा मारा. कसे दिसतात, बोलताना काही बिघडतं का, त्यांना विचारा. आपलं आपल्याला कळत नाही. एकदा पक्के चिकटवले की बदल करता येणार नाही."

घरच्यांशी गप्पा! मान डोलावून आले.

आरशात बघितलं. हनुवटी जागेवर आली आहे. हे यांनी बघायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी

दिवसभरात बोलले ते इतकंच — "पाव किलो साखर." तेही पाठमोऱ्या दुकानदाराशी. तो मोबाइलमध्ये.

१६ फेब्रुवारी

काय करणार, कोंबड्यांशी बोलते. अंगणवाडीत कामाला असताना माझी गोष्ट सुरू झाली की रडणारी पोरंही गप्प व्हायची. आज कोंबड्यांना कोल्ह्याची गोष्ट सांगितली — शेपूट शेकोटीत अडकतं ती. कोंबड्यांना कोल्ह्याची! माझं मलाच हसू आलं. हात फिरवून, आवाज बदलून, भराभरा सांगत होते, अगदी पूर्वीसारखी. कोल्हा मदतीला हाका मारतो तिथपर्यंत आले आणि एकदम रडू फुटलं. तिथेच सोडून दिली.

२० फेब्रुवारी

नाचणीची भाकरी चावून खाल्ली. सुकट पण. चव तीच आहे! सांगायचं कुणाला?

२६ फेब्रुवारी

शहापूर. "काय म्हणतात घरचे?" बाईंनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "जाऊ म्हणते, छान दिसतात."

जनीचं नाव! दुसरं कुणाचं घेणार होते?

बोलणं तपासायला साठ, एकसष्ट, बासष्ट म्हणायला लावलं. परीक्षेला बसल्यासारखी एकेक आकडा जपून म्हटला. बाई खूश. बारा तारखेला पक्के बसवायचे ठरले.

किन्हवलीच्या एसटीत खिडकीशी बसून रडले. खोटं बोलले, आणि बोलताना फार बरं वाटलं. तेच लागलं.

११ मार्च

संध्याकाळी कोंबड्या झाकताना म्हटलं, "उद्या पक्के बसणार गो बायांनो, आता मागे फिरणं नाही." आत येऊन चूल पेटवते तोच कुडावर टकटक.

"गुणे." जनीचा आवाज. "उद्या पक्के नको बसवूस. भराभरा बोलतेस तवा शिटी वाजते तुजी. शेपूट, शेकोटी असं काय बोललीस की वाजते. हळू बोलतेस तवा नाय वाजत. डाक्तरीनला सांग."

मी चुलीवर भात ठेवला.

परत टकटक — "आन् त्या कोल्ह्याचं पुढं काय झालं? अर्धीच ठेवलीस ती. मी रोज वाट बघते."

भात करपला. कुडाला पाठ टेकून बसले आणि गोष्ट पुरी केली. ती पलीकडे हसली. यावेळी मला राग आला नाही.

१२ मार्च

पक्के बसले नाहीत. बाईंनी भराभरा बोलायला लावलं — वाजली शिट्टी! पुढचे दोन घासून, परत महिनाभर बघायचं.

सोबत जनीबाय होती. बाई तिला म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या जाऊबाई? दात छान दिसतात म्हणणाऱ्या?"

मी मान खाली घातली. जनीबायने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

"हां," म्हणाली. "मीच बोलले तसं."