लायनीतली खरखर

२ नोव्हेंबर, रविवार
जगदेवभावजींनी आज भर शेलूबाजारात सांगून टाकलं – आमची तनुजा चंद्राशी बोलते! तिचं काम एवढंच, की अंतराळयानातल्या माणसांचं आणि जमिनीवरच्यांचं बोलणं इंटरनेटवरून नीट पोचावं. दिराला किती समजावलं. पण चंद्र काही त्यांच्याच्यानं सोडवत नाही.

संध्याकाळी तिचा ग्रुप कॉल. भावजी आणि जाऊ सोजरबाई एकाच घरातून दोन फोनवर, नणंद तिच्या घरून, सगळे एकदम बोलणार. शिवाय लायनीत नेहमीची खरखर. पडद्यावर कोणाकोणाचे गोल दिसतात, मला चष्म्याशिवाय सगळे सारखेच. सोजरबाईंनी विचारलं, वर कांदा मिळतो का.

आणि हे? कॉलची वेळ झाली की फोन खिशात टाकून, चपला घालून मळ्यात, पाण्याची मोटार लावायला. पोरगी जऊळक्याची ठरलेली सोयरीक मोडून बंगलोरला नोकरीला गेली, तेव्हापासून बापाचा अबोला. मोठे मानी आमचे चंपतराव! बसा म्हणावं मान कुरवाळत मिरच्यांच्या वाफ्यात. मला मात्र लेक दिवाळीलाही दिसली नाही.

९ नोव्हेंबर
तनुजाने नियम घातला. त्यांच्याकडे यानाशी एकच माणूस बोलतो, बाकीचे हेडफोन कानाला लावून नुसते ऐकतात. आपणही तसंच करायचं. तो एक माणूस कोण, यावरून भावजी आणि सोजरबाईंची जुंपली. तेवढ्यात कॉल संपत आला.

जाता जाता ती म्हणाली, "कोणी नुसतं ऐकत राह्यलं तरी चालते, आई. ऐकणाराबी ड्युटीवरच असते."

१० नोव्हेंबर
यांना म्हटलं, बोलू नका, नुसतं ऐका तरी. ताट सरकवून उठले. हात धुवायलाही थांबले नाहीत.

१६ नोव्हेंबर
आज त्या खरखरीवर चिडलेच मी. म्हटलं, "अंतराळातल्या माणसाचा आवाज साफ करतं, अन् मायच्या लायनीतली खरखर काढता येत नाही तुले?"

"येते," म्हणाली. "पण असू दे."

शिकल्यासवरल्या पोरींचा आळस, दुसरं काय!

२१ नोव्हेंबर
उद्या तिची मोठी चाचणी. यांच्या कानावर पडेल अशा बेताने भिंतीला सांगितलं. हे म्हणाले, यंदा मिरचीवर मावा कीड फार आहे.

२२ नोव्हेंबर
चाचणी फसली. ऐन वेळी आवाज तुटला. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला बोल लावले म्हणे. जेवलीही नाही पोर. इथून मी काय करू! भावजींचं म्हणणं, चंद्रावर टॉवर नसेल.

२३ नोव्हेंबर, रविवार
कॉल लागला आणि तनुजा रडायलाच लागली. पहिल्यांदाच सगळे गप्प. नुसती खरखर चाललेली. मग तीही एकदम थांबली, आणि फोनमधून यांचा आवाज आला –

"तनू, जेवली का?"

तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "जेवतो, बाबा. पण मोटार कायले बंद केली? दीड वर्ष झालं, तेच तं ऐकून राह्यली मी."