हवालदारांची देशी बाग

४ जून १९७८, पहाटे ५
फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर येऊन आठ महिने झाले. आजपासून घरामागच्या दहा गुंठ्यांत मोहीम सुरू. कारण गंभीर आहे. सौ.चा दोडका फुलतो, पण धरत नाही. जत भागात मधमाश्याच उरल्या नाहीत. शेतकी खात्याच्या पत्रकात छापलंय, आपल्या मातीतली झाडं लावा, माश्या-पाखरं आपोआप येतात. श्रावणापर्यंत माश्या हजर करतो, असं सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "आदी हापशावरनं पानी आणा."

६ जून
मैदान साफ केलं. बांधावर पिवळ्या फुलांची झुडपं, रुई, बोरीचं जाळं. नुसता गबाळेपणा. सगळं मुळासकट काढलं. शेजारच्या धोंडुबाई बांधावर येऊन म्हणाल्या, "आवं हवालदार, तरवड कशापायी उपटताय? माश्या त्येच्यावरच असत्यात." त्यांना स्कीम समजावून सांगितली. पटली नसावी. शिक्षण नाही.

११ जून
एस.टी.ने सांगली. नर्सरीवाल्याला खणखणीत विचारलं, झाडं देशी आहेत ना? म्हणाला, साहेब, हितंच माझ्या हातानं वाढवलीत. विश्वासू माणूस. गुलमोहर सहा, बोगनवेल चार, निलगिरी दोन. परतीच्या गाडीत एका निलगिरीवर कुणीतरी गुळाची ढेप ठेवली. वाकली आहे, पण मनोधैर्य टिकून आहे.

१३ जून
दोरी धरून एका लाइनीत लावली. रोज सोळा घागरी पाणी घालायचं ठरलं. सौ. काही बोलली नाही. पाठिंबा समजतो.

२ जुलै
सोळा जास्त होतात. उद्यापासून आठ.

३ जुलै
कंबर. आज सुट्टी.

१९ जुलै
धोंडुबाईंच्या मालकाच्या, म्हणजे धुळाच्या शेळ्या आत घुसल्या. गुलमोहराचे शेंडे गेले. निलगिरी एकीनं चावली आणि टाकून दिली. धुळाला खडसावलं. तो शांतपणे म्हणाला, "गड्या, काटं तूच काडलंस. बोरीचं जाळं हुतं तवा शेळी कवा आत आली व्हय?" मुद्दा विचाराधीन ठेवला. काटेरी तार आणि फाटक बसवून घेतलं.

१२ ऑगस्ट
श्रावण लागून आठवडा झाला. आज एक माशी आली. घरमाशी. सुरुवात म्हणून ठीक.

२७ ऑगस्ट
तालुक्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना पत्र टाकलं होतं, देशी झाडांची नमुनेदार बाग पाहायला यावं. पुढच्या महिन्यात येतो, असं काल उत्तर आलं. सौ.नं विचारलं, "काय दावणार त्यास्नी?" म्हटलं, प्रगती. रात्रभर डोळा लागला नाही, पण तो उत्साहामुळे.

१७ सप्टेंबर, दुपारी २
साहेब आले. म्हणाले, गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. मी म्हटलं, बागेला आंतरराष्ट्रीय अंग आहे. ते हसले नाहीत. मग त्यांचं लक्ष शेजारी गेलं. धोंडुबाईंची हद्द तरवडानं पिवळीधमक, माश्यांची गुणगुण माझ्या फाटकापर्यंत. साहेब अर्धा तास तिकडेच. विचारलं, ही झाडं कुणी लावली? धोंडुबाई म्हणाल्या, "लावतंय कोन? आमी उपटली न्हाईत, येवढंच." साहेबांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. माझ्याकडे फक्त चहा घेतला.

१८ सप्टेंबर
ताटात दोडक्याची भाजी. विचारलं, आपल्या वेलाचा? सौ. म्हणाली, "धोंडुबाईनं दिला. आपल्या वेलाला गेल्या साली चार तरी धरलं हुतं." पुढे काही बोलली नाही. आज तो पाठिंबा वाटला नाही.

२४ सप्टेंबर
पलीकडे गेलो. तरवडाचं बी मागितलं. वाटलं, बाई चार शब्द ऐकवतील. त्यांनी ओंजळभर वाळक्या शेंगा दिल्या आणि म्हणाल्या, "बी टाकायचं अन् इसरून जायचं." लगेच टाकलं.

२९ सप्टेंबर
विसरणं कठीण आहे. उगवलं का ते पाहायला रोज सकाळ-संध्याकाळ उकरतो. पाणीही वाढवलंय. काही बिया कुजल्या. बियाणं कमजोर असावं.

८ ऑक्टोबर
सौ.नं उरलेल्या शेंगा स्वतः टाकल्या आणि फाटकाला काथ्या बांधला. गाठ लय अवघड आहे. म्हणाली, "तुमी आत जाऊ नगासा, म्हंजे बाग हुईल."

२२ ऑक्टोबर, सकाळी ७
फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसलो आहे. आत कोंब आलेत म्हणे. सौ. सांगते.