सातव्या यंत्राची नोंद

सोमवार, ३ जून
आजपासून मी लॅबमध्ये परीक्षक. ताईला फोन केला, तर म्हणते, कुणाला नापास करणार? म्हटलं, सळयांना. तळघरात सात यंत्रं आहेत. प्रत्येकात तापवलेली सळई, तिला वजन टांगलेलं. हजारो तास ती तशीच लोंबत असते आणि तसूतसूनं लांबत जाते. डायल वाचायची, आकडा नोंदवायचा. हा धातू बॉयलरला चालेल का, हे कारखानेवाले त्यावरून ठरवतात. सातव्या यंत्रात सळईच नाही, तरी वजनं आहेत. साहेब म्हणाले, तेही वाचत जा. राहायला वरचीच खोली मिळाली, मोठ्या खिडकीची. नशीब काढलं म्हणायचं.

शुक्रवार, १४ जून
साहेब आठवड्यातून एकदा येतात. फाटकावरचा पहारेकरी नुसती मान हलवतो. दिवसभर तोंड उघडायला निमित्त नाही, म्हणून आकडे मोठ्यानं वाचतो. संध्याकाळी खोली खायला उठते. सातव्याचा काटा रोज थोडा पुढे असतो. मध्ये सळई नाही, मग वजनं धरलीत कशानं? साहेबांना विचारलं तर खूश झाले, नोंद चुकवू नका म्हणाले.
शर्टाच्या बाह्या आखूड झाल्यात. लॉन्ड्रीवाल्याशी उगाच भांडलो.

बुधवार, २६ जून
आज मोजलं. बाही मनगटापासून बारा मिलिमीटर वर राहते. सातव्याची डायल: बारा.
पँटही आखूड झालीय. योगायोग असेल. ताईला सांगितलं तर ती हसेल. हसू दे, निदान कोणीतरी हसेल.

सोमवार, १ जुलै
घरी जायला रजा मागितली. साहेब म्हणाले, "चालू चाचणी मध्येच थांबवत नाहीत."
मी फक्त रजा मागितली होती.
मग त्यांनी खांद्यावर हात ठेवला. महिनाभरात मला कोणाचा स्पर्श झाला नव्हता. तरी अंग चोरलं.
तसाच निघालो. फाटकाशी पोचलो आणि खांदे मागे ओढले गेले. पहारेकऱ्यानं मान हलवली. परत आलो.

गुरुवार, ४ जुलै
दुपारी सातव्याची वजनं काढली. इतकं हलकं वाटलं की रडलो. तासाभरात साहेब आले. ओरडले नाहीत. दुप्पट वजन चढवलं. ग्राहकाला अहवाल लवकर हवाय म्हणाले.
मान — घोटे — सगळं ताणतंय. ताईला म्हटलं, मला घेऊन जा. तिनं चेष्टा केली नाही. रविवारी साडेअकराला येते म्हणाली.
तोवर टिकायला हवं.

रविवार, ७ जुलै
दहा वाजले. तळघरात, सातव्यापाशी. काटा आता सरकताना दिसतोय. सळई अशी पळायला लागली की तुटायचीच — मला माहीत आहे — जुन्या नोंदींत शंभरदा वाचलंय.
साहेब समोर खुर्ची टाकून बसलेत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सोबत. तुटण्याची वेळ अचूक लिहावी लागते, म्हणाले. तुमची रोजनिशीही चालेल.
त्यांना माहीत होती ही वही —

अकरा दहा. कंबर —

अकरा वीस. फाटकाशी गाडी. ताई लवकर आली. हाक मारतेय. ओ देतोय, आवाज फुटत नाही —

जिन्यावर पावलं. ताई, थांब, बघू नको —

अकरा वाजून तेवी