चुण्यांचे चाळीस स्कर्ट

१२ एप्रिल
आले! चाळीस स्कर्ट, दोन गठ्ठे. मामांनी एक उचलला, दोन बोटांनी. "हे कुणी चुरगाळलं?"

"असंच असतंय मामा. मुद्दाम केलेलं."

गप्प बसले. सासरे आणि दुकानाचे शेठ एकच असले, की गप्प बसण्याचा अर्थ आपणच लावायचा. मग म्हणाले, "मे संपेपर्यंत कोपऱ्यातला रॅक तुझा. माल खपला न्हाय, नायतर गिऱ्हाईक परत घेऊन आलं, तर जूनला तिथं शाळेचे युनिफॉर्म."

चार वर्षं या दुकानात दुसऱ्यांनी निवडलेल्या साड्यांच्या घड्या घालतेय. हा पहिला माल माझ्या पसंतीचा. रॅक मी सोडणार नाही. मुरुम गावच्या बायकांना काय शोभतं ते मला कळतं.

१३ एप्रिल
लेबलावरचे शब्द मोठ्यानं वाचले — बोहो, क्रिंकल्ड, टियर्ड, फ्लोई. आत्याबाई, माझ्या सासूबाई, लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "औषधं आली का गं कुणाची?"

या शब्दांवर इथं रुमालही खपणार नाही. म्हणून माझे केले. क्रिंकल्ड म्हणजे चुण्यांचा — बारीक, उभ्या, शेवयांसारख्या. टियर्ड म्हणजे तीन झालरी, एकीखाली एक. फ्लोईला मात्र अडले. सळसळीत? ते रेशमाचं. झुळझुळीत? आरपार दिसेल असं वाटतं. शेवटी एक घातला आणि घरभर फिरले. आपण थांबलो की तो क्षणभर उशिरा थांबतो! याला शब्द नाही. चालूनच दाखवायचं.

बोहोला आत्याबाईंनी शब्द दिला, "ढगळ." ढगळ नाही. ऐसपैस! ठरलं.

१९ एप्रिल
अकरा गेले. दुकानात मी दिवसभर चालतेय. "इस्त्री नको, नाडीचा आहे, दोन घास जास्त गेले तरी चिंता नाही" — हे ऐकलं की बायका हसतात आणि हसल्या की घेतात.

तांड्यावरची एक आजी आली होती. एका स्कर्टवर 'बंजारा लुक' असं लेबल होतं. नातीनं ते वाचून दाखवलं. आजीनं स्कर्ट उलटासुलटा केला. "आरसे कुठंत? टाका कुठंय? आमचं नाव कशाला लावलंय मग?" बरोबरच होतं तिचं. ती गेल्यावर तसली सगळी लेबलं काढून टाकली.

३० एप्रिल
बसव जयंती. मिरवणुकीत माझे पाच स्कर्ट दिसले. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "चंद अद." कानडीत म्हणजे 'छान आहे'. त्यांच्या तोंडून असं सहज येत नाही. मला रात्रीचं जेवण गेलं नाही, इतकी खूश.

८ मे
शाळेतल्या महेश्वरी मॅडम पिशवी घेऊन आल्या. "शिवरंजनी, हे बघ." चुण्या गायब! सपाट कापड, वीतभर लांब झालेलं, पायात येणारं. दुपारपर्यंत आणखी दोघी आल्या. मामा गादीवरच होते. एकदा रॅककडे बघितलं, बस.

सोलापूरच्या व्यापाऱ्याला फोन लावला, चांगली भांडले. तो म्हणतो, धुतला कसा ते विचारा. मी फोन ठेवून दिला.

९ मे
राग ओसरल्यावर वाटलं, विचारायला काय हरकत आहे? महेश्वरी मॅडमच्या घरी गेले. म्हटलं, माझ्यासमोर धुवा.

त्यांनी दगडावर धुतला. मग एक टोक त्यांनी धरलं, एक त्यांच्या जावेनं. झटकला, ताणला, परत झटकला. तारेवर टाकून खालून ओढला. सुरकुती म्हणून राहू द्यायची नाही! आम्हा सगळ्यांना असंच शिकवलंय. नव्या सुनेचं काम वाळत घातलेल्या कपड्यांवरून बघतात इथं. मी तरी वेगळं काय करते?

त्यांची चूक नाही. माझी आहे. इतके शब्द शोधले आणि धुवायचा कसा, हे कुणालाच सांगितलं नाही.

१० मे
स्कर्ट घेतलेल्या सगळ्यांना निरोप दिले, चुण्या गेल्या असतील तर घेऊन या. सहा आले. दुकानाच्या पायरीवरच बादली मांडली. ओल्या स्कर्टचं एक टोक माझ्या हातात, एक आत्याबाईंच्या. पिळत गेलो, पिळत गेलो, आपोआप वेटोळं झालं की सुतळीनं बांधला. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या अप्पांचा पटका असाच पिळायचो." बघायला रस्त्यावर माणसं थांबली. मला लाज वाटली नाही.

खोटं. थोडी वाटली.

१३ मे
सुतळ्या सोडल्या. पाचांच्या चुण्या परत आल्या, लांबीही! सहावा महेश्वरी मॅडमचा, त्यावर आधीच कडक इस्त्री फिरली होती. त्यांना रॅकवरचा नवा दिला.

"नवा दिलास?" मामा म्हणाले.

"व्हय. धुवायचं मी सांगितलं नव्हतं."

"हं."

३१ मे
रॅकवर दोनच उरलेत. पण माल परत आला होता, आणि ठरलं म्हणजे ठरलं. युनिफॉर्मचे गठ्ठे आलेत. मामांनी सांगायच्या आधी मीच रॅक रिकामा केला. वाईट वाटलं, खूप वाटलं. आता घरून विकीन.

१ जून
सकाळी चहाच्या वेळी आत्याबाईंनी सांगितलं. दुकान विकायचं ठरलं होतं! पाडव्यालाच शेजारच्या ईरण्णांशी बोलणी झालेली. मुलगा, म्हणजे माझा नवरा, बँकेतली नोकरी सोडून गादीवर बसणार नाही, मग चालवणार कोण? काल संध्याकाळी मामा स्वतः जाऊन ईरण्णांना नाही म्हणून आले.

मी विचारलं, का?

"म्हणाले, विकणारे लई हायत. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माल कशानं बिघडला ते बघणारी आपल्यात एकच हाय."

नऊला दुकानात गेले. गादी मोकळी होती. मामा समोर गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले होते. म्हणाले, "बस. युनिफॉर्म कुठं लावायचे ते सांग."