बाहीतली पुंगळी

चार्ल्सटन,
९ जुलै १९७४

तीर्थस्वरूप मोझेल आत्यास,
रोएनाचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर असं उताणं का पडलंय? मला वाटलं, मजकूर कोंबडीने लिहिला आणि तू फक्त पाकिटाला डिंक लावलास. मार्चमधल्या झटक्यानंतर उजव्या हाताची बोटं ‘जरा आखडलीत’ असं तू लिहितेस. जरा म्हणजे किती, ते एकदा मोकळेपणी कळव.

विचारण्याचं कारण म्हणजे बाबांचं पत्र. अ‍ॅक्रनच्या घरात त्यांनी तुझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे, फिकट हिरवी. अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या थोरल्या बहिणीने खोऱ्यात एकटीने राहणं त्यांना पटत नाही. मी फोनवर भांड भांड भांडले. शेवटी एवढं कबूल करून घेतलं की सप्टेंबरात खारींच्या शिकारीचा हंगाम उघडेल त्या सकाळी तू नेहमीसारखी पहिली खार पाडलीस, तर ते अ‍ॅक्रनचं नाव पुन्हा काढणार नाहीत. नाही पाडलीस, तर त्याच दुपारी तुझी ट्रंक त्यांच्या गाडीत. टॅकेटांच्या घरात वडीलधाऱ्या माणसाने पहिली खार पाडल्याशिवाय दुसरं कुणी बंदूक भरत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यामुळे या अटीवरून त्यांना मागे फिरता येणार नाही.

आता आतोबांच्या जुन्या रायफलीचं. दर गोळीला बोल्टची मूठ वर, मागे, पुढे, खाली. आखडलेल्या बोटांना ही कवायत कशाला? मी तुझ्यासाठी अर्धस्वयंचलित पॉइंट टू-टू रायफल बघते आहे. एकदा भरली की पुढचं काडतूस ती स्वतःच चढवते, आपण फक्त चाप ओढायचा. नाही म्हणू नकोस. घरातली पहिली पदवीधर झाले ती काय नुसती झगा घालून फोटो काढायला?

लोभ आहे तेवढा असू दे, टोमणे मात्र निम्मे कर.
तुझी,
रोएना


बकआय खोरे,
१६ जुलै

चि. रोएना हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

अक्षराचं म्हणशील तर टेबलाचा एक पाय आखूड आहे. टेबल तुझ्या बापाने केलेलं आहे, तेव्हा चौकशी तिकडे कर.

हिरव्या खोलीचं वाचून ऊर भरून आला. मागे तिथे राहिले होते तेव्हा खिडकी उघडली की शेजाऱ्याची न्हाणी दिसायची. तो बिचारा तरी माझ्या करमणुकीसाठी दिवसातून किती वेळा आंघोळ करील?

अर्धस्वयंचलित म्हणे! अगं, तुझे आतोबा एका गोळीत एक खार आणायचे, आणि गोळी चुकली तर त्या दिवशी जेवताना मान वर करायचे नाहीत. आता बंदूकच घाई करणार म्हटल्यावर नेम धरायचा कशाला? झाडाकडे तोंड करायचं आणि पानं झडेपर्यंत चाप ओढत बसायचं. आमच्या पाद्र्याचं प्रवचन तसंच असतं. एखादं वाक्य कुणाला तरी लागतंच.

पण तू एवढी शिकलेली, तुझं मन मोडवत नाही. घे बाई. वजनाला हलकी बघ आणि नेमाला खरी बघ. खारीचं डोकं सोडून गोळी दुसरीकडे लागली की सगळ्यांना रश्शात शिसं चावावं लागतं.

हाताचं विचारलंस. छान आहे. जिथे ठेवावा तिथेच राहतो. तुझ्या बापापेक्षा आज्ञाधारक आहे.

माया आहेच, ती बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही.
तुझी आत्या


चार्ल्सटन,
२ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रायफल ठरली. दुकानदाराने आधी विचारलं की नवऱ्यासाठी हवी का. मी म्हटलं, नवरा अजून ठरायचाय, त्याच्याआधी आत्याची रायफल ठरवू. त्यानंतर तो मला गिऱ्हाईक समजायला लागला.

निवड सोपी नव्हती. एकीत काडतुसांची नळी बंदुकीच्या नळीखाली असते. पोटात मावतात पुष्कळ, पण भरताना बारीक काडी चिमटीत धरून ओढावी लागते, म्हणून ती बाद केली. दुसरी दिसायला नव्या नवरीसारखी. गोळी सुटली की काडतुसाची रिकामी पुंगळी ती खालून टाकते, आणि काडतुसं दस्त्यातल्या भोकातून आत सोडायची. मला ती फार आवडली, पण तिच्यावर दुर्बीण नीट बसत नाही. झटक्यानंतर तुझ्या डोळ्यांना दुर्बिणीची मदत लागेल असं माझं मत पडलं. म्हणून तिसरी घेतली. आखूड, हलकी, काडतुसांचं छोटं मॅगझिन पोटात बेमालूम बसतं, पुंगळी उजवीकडून बाहेर पडते. मी चांदमारीच्या मैदानावर तिने कागदावर मारून पाहिलं. सगळी भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. नाणं मोठं होतं, हे आपल्यातच ठेव.

सोबत गोळ्यांचे निरनिराळे डबे आहेत. प्रत्येक रायफलीला एखादीच जात मानवते म्हणतात, तेव्हा सगळ्या मारून बघ. फक्त अगदी संथ गोळ्या देऊ नकोस. त्यांचा धक्का पुरत नाही आणि पुंगळी अर्ध्यात अडकते. आधी कागदावर सराव कर, मग खारी. तुमच्या खोऱ्यातला दुकानदार व्हर्लिन पेंडीचा ट्रक घेऊन इकडे आला की त्याच्या हाती पाठवते.

पत्राची वाट बघते आहे, शाबासकीची नाही.
तुझी,
रोएना


बकआय खोरे,
२० ऑगस्ट

चि. रोएनास,
आशीर्वाद.

तुझी सरकार आली. व्हर्लिनने ती अशी दोन्ही हातांवर आणली की वाटलं बाप्तिस्म्याला बाळ आणलंय. शनिवारी बंबवाल्यांच्या शेडमागे डुकराच्या मांडीसाठी नेमबाजीची पैज असते, तिच्या सरावाला घेऊन गेले.

खरं सांगायचं तर नेमाला बरी आहे. निशाणीला लावलेल्या बदामाच्या अठ्ठ्यातले बरेच बदाम मी फोडले. तुझ्या उंची गोळ्या तिला पचल्या नाहीत, सगळीकडे फेकल्या. व्हर्लिनच्या दुकानातल्या स्वस्त गोळ्या मात्र मिटक्या मारत खाल्ल्या. चला, टॅकेटांच्या वळणावर गेली.

पण वागायची रीत शून्य! पत्ता फुटतोय न फुटतोय तोच गरमागरम पुंगळी उडाली, माझ्या गुंडाळलेल्या उजव्या बाहीत शिरली आणि थेट काखेत जाऊन बसली. रायफल बाकावर नीट ठेवण्याइतकं भान राहिलं, त्यानंतर मी जो नाच केला तो बघून पाद्री क्लाइड टोपी काढून उभे राहिले. माझ्या अंगात पवित्र आत्मा आला असं त्यांना वाटलं. वर्गणी गोळा करायलाही विसरले नाहीत. पुढच्या पुंगळ्या नाकासमोरून गेल्या. अशी बंदूक निवडायला कॉलेजात किती वर्षं घालवावी लागतात ते कळव.

हंगामाच्या सकाळी मी मागच्या कड्यापलीकडे जाईन म्हणते, एकटीच. यंदा खारी तिकडे गेल्यात. तुझ्या बापाला उगीच चढ कशाला? त्याने ओट्यावर कॉफी पीत बसावं. खार आणून त्याच्या मांडीवर टाकते म्हणजे झालं.

पाठीवर हात आहेच.
तुझी आत्या


चार्ल्सटन,
२७ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून खूप हसले. मग हसू थांबलं.

मी मैदानावर जाऊन तशीच रायफल मागून घेतली. नेहमीसारखी उजव्या खांद्याला लावून गोळ्या झाडल्या. पुंगळ्या लांब जाऊन पडल्या, एकही माझ्या वाऱ्याला उभी राहिली नाही. मग ती डाव्या खांद्याला लावली, उजवा हात पुढे नळीखाली ठेवला. लगेच एक पुंगळी बाहीत आली, दुसरी नाकासमोरून गेली. मीही नाचले. पाद्री नव्हते, त्यामुळे वर्गणी जमली नाही.

आत्या, तू डाव्या खांद्यावरून मारतेस. चाप डाव्या बोटाने ओढतेस. उजवा हात आखडलेला नाही, गेलेला आहे, आणि ही पत्रं तू डाव्या हाताने लिहितेस. टेबलाची मी मनातल्या मनात माफी मागितली. व्हर्लिनला फोन केला तर म्हणाला की त्याने काही पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असतं तरी हेच सांगितलं असतं. म्हणजे अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे, अडाणी ती फक्त आम्ही अ‍ॅक्रन आणि चार्ल्सटनची शहाणी माणसं. कड्यापलीकडे खारी का गेल्या तेही कळलं. तिकडे त्यांना बघायला कुणी नाही.

मी बाबांना काही कळवणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. ते मला जमत नाही, आणि लपवून राखलेलं घर तुझं राहील असंही मला वाटत नाही. ते घर तुझं आहे ते तू धडधाकट आहेस म्हणून नाही. हे त्यांना दिसायला हवं, आणि ते तूच दाखवू शकतेस. ठरवायचं तू.

चूक माझीही आहे. तुला न विचारता तुझ्या डोळ्यांची काळजी केली. ती नवरीसारखी रायफल आता व्हर्लिनकडे दिली आहे, पहिली त्याच्याबरोबर परत पाठव. हिची पुंगळी खाली पडते, त्यामुळे खांदा कुठला याची तिला फिकीर नाही. दस्ता गुडघ्यांत धरून एका हाताने भरता येते. हंगाम उघडतो त्या दिवशी माझ्या शाळेच्या मुलांचं शिबिर आहे, मला येता येणार नाही. जीव मात्र तिथेच असेल.

रागावलीस तरी लिही.
तुझी,
रोएना


बकआय खोरे,
१८ सप्टेंबर

चि. रोएना हिस,
अनेक आशीर्वाद.

म्हणजे पदवी फुकट गेली नाही तर! मोठीच निराशा झाली माझी.

हंगाम उघडला त्या शनिवारी उजाडायच्या आत कड्यापलीकडे निघाले होते. पायऱ्यांपाशी आले आणि तुझं ते ‘खोटं बोलणार नाही’ रश्शातल्या शिशासारखं दाताखाली आलं. शिकलेल्या मुली घरात असू नयेत ते याचसाठी. तुझा बाप ओट्यावर कॉफी फुंकत बसला होता. त्याला म्हटलं, ऊठ, घराखालच्या हिकरीच्या झाडापाशी बसू, आज लांब जायचा कंटाळा आलाय.

झाडाला पाठ टेकून बसले. उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. सगळा दिसेल असा ठेवला. दस्ता गुडघ्यांत धरून रायफल भरली, नळी कुंपणाच्या बेचक्यात टेकवली आणि डाव्या खांद्याला लावली.

वरती खार हिकरीची फळं कुरतडत होती, टरफलं आमच्या टोपीवर पडत होती. पहिली गोळी चुकली. तुझ्या आतोबांनी स्वर्गात मान खाली घातली असणार. पण दुसरी आपोआप चढलेली होती, तोंडातलं टरफल खाली पडायच्या आत लागली. डोक्यातच. मी अर्धी, बंदूक अर्धी, मिळून एक बाई पुरी झाली.

पुंगळ्या गवतात पडल्या होत्या. तुझ्या बापाने एक उचलली, माझ्या हाताकडे बघितलं, आणि कधीपासून म्हणून विचारलं. म्हटलं, मार्चपासून. मग तो बराच वेळ त्या पुंगळीत फुंकर मारून शिट्टी वाजते का ते बघत बसला. वाजली नाही. नंतर त्याने खिशातून काडतुसं काढली आणि आपली बंदूक भरली.

न्याहारीला रस्सा आणि सोड्याचे पाव केले, पीठ एका हाताने मळलं. चार खाऊन म्हणाला की पाव दरवर्षीपेक्षा घट्ट झालेत. अ‍ॅक्रनचं नाव काढलं नाही.

रविवारी प्रार्थनेहून येऊन बघते तर स्वारी हातोडा घेऊन ओट्याशी. पायऱ्यांचा उजवीकडचा कठडा उपटून त्याने डावीकडे ठोकला. मग गाडीत बसला आणि गेला. मी कठड्याला धरून वर चढले, डोळ्यांत केर गेला थोडा.

सोमवारी सकाळी उतरायला गेले. चढताना डावीकडे असलेला कठडा उतरताना उजवीकडे येतो, हे त्या सुताराच्या ध्यानातच आलं नाही! पायऱ्या उतरायच्याही असतात हे त्याला उभ्या जन्मात कुणी सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा मी सध्या पाठमोरी उतरते, आणि कोंबड्या रांगेने उभ्या राहून बघतात. त्याला हळूच कळव की दुसऱ्या बाजूलाही एक कठडा लागेल. फार शहाणपणा न दाखवता कळव, नाहीतर येताना हिरवा रंग घेऊन येईल.

घाई नाही म्हणावं. मी इथेच आहे.

तुझी,
डावखुरी आत्या