जुळलेले तुकडे

६ एप्रिल
आज पडेगावला राहायला आलो. सामान थोडंच होतं, टेम्पो अर्धा रिकामा आला. दौलताबाद रस्त्यापासून जरा आत एक जुनं गोदाम आहे. पुढच्या खोलीत सर्व्हरची कपाटं, मागच्या खोलीत मी. एसी कायम चालू असतो, त्यामुळे भर एप्रिलमध्ये अंगावर गोधडी घ्यावी लागते. करुणा गेल्यापासून आज पहिल्यांदा दुपारी शांत झोप लागली.

हे सगळं इंद्रजीतचं. तो करुणाचा धाकटा भाऊ. म्हणाला, दाजी, वाळूजच्या घरात भिंतीकडं बघत बसू नका. मशीनला माणूस लागतो अन् तुम्हाला काम. कंपनीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सलाच होतो, त्यामुळे इन्व्हर्टर, जनरेटर, केबल यांची भीती नाही. डिस्क बदलणं त्याने शिकवलं. लाल दिवा लागला की जुनी काढायची, नवी सरकवायची.

शेजारच्या वच्छलाबाई डबा देणार आहेत. त्यांनी दारातून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, ही कपाटं दिवसभर नुसती घूं घूं करतात, बोलत काहीच नाय. तुमचं अन् त्यांचं लई जमणार बघा. बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं.

१० एप्रिल
काम आता समजलं आहे. विसरण्याच्या आजारावर संशोधन चालतं. त्यासाठी मेंदूतल्या पेशींचा हिशेब करायचा असतो, आणि तो एका जागी होण्यासारखा नाही. म्हणून त्याचे लहान तुकडे करून लोकांच्या घरच्या संगणकांवर पाठवतात. लोक मोबदला घेत नाहीत. संगणक रिकामा असला की तो आपोआप आमचं काम करतो. नाशिकचे एक शिक्षक आहेत, परभणीचं एक झेरॉक्सचं दुकान आहे. अशी हजारो माणसं. मला हे फार आवडलं.

एकच तुकडा दोघांना पाठवतात. दोघांचं उत्तर सारखं आलं तरच ते खरं धरतात. मग पडद्यावर हिरवी खूण येते, उत्तर मोठ्या साठ्यात जातं आणि दोघांकडचा मूळ तुकडा पुसला जातो. जागा अडून राहत नाही.

इंद्रजीतने माझ्या लॅपटॉपवरही तो प्रोग्राम घातला. म्हणाला, तुमचा तर दिवसभर रिकामाच पडलेला असतो. चार पानांच्या अटी होत्या. मी न वाचता 'मान्य'वर दाबलं. घरचाच माणूस.

१४ एप्रिल
आज जयंती. रस्त्यावर निळे झेंडे, सकाळपासून गाणी. मी गेलो नाही. सर्व्हर सोडता येत नाहीत, असं सासूबाईंना सांगितलं.

लग्नानंतरच्या पहिल्या जयंतीला भडकल गेटपाशी करुणाची चप्पल तुटली होती. पांढरी साडी, गर्दी, आणि ही अनवाणी. परत फिरू म्हटलं तर ऐकेना. शेवटी तिच्या दोन्ही चपला मी हातात घेतल्या आणि मिरवणूक संपेपर्यंत तशाच वागवल्या. ओळखीचे लोक बघून हसत होते. ती त्यांना सांगत होती, आमचे साहेब आज चपलांची मिरवणूक काढताहेत.

२१ एप्रिल
पडद्यावर एक रांग नुसती पिवळी दिसते. तुकडे आहेत, उत्तरं एकाच बाजूने आलेली, जोडी कशाचीच जुळलेली नाही. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी 'करुणा' लिहिलं आहे.

इंद्रजीतला विचारलं. तो म्हणाला, ताईचा जुना संगणक आहे, मी तो चालू ठेवलाय, त्याला हात लावू नका. मला बरंच वाटलं. तिची एखादी वस्तू अजून कामात आहे. दुपारी खुर्चीत बसून त्या नावाकडे बघत राहिलो. डोळा लागला असावा. पाहतो तर रांगेतला एक तुकडा हिरवा झालेला. जोडीला माझा लॅपटॉप.

आमचं दोघांचं जुळलं. मूर्खासारखा आनंद झाला.

२८ एप्रिल
सासूबाईंचा फोन आला होता. त्या एरवी फोनवर तब्येत विचारतात आणि ठेवतात. आज खूप रडल्या. जावईबापू, म्हणाल्या, त्या जयंतीला तुम्ही माझ्या लेकीच्या चपला हातात घेऊन फिरलात, तवाच मी म्हटलं, पोरगी चांगल्या घरी पडली.

मी हो हो म्हणालो. पण मला तसं काही आठवत नाही. भडकल गेट आठवतं, गर्दी आठवते. चपला नाहीत. आणि ती काय बोलली तेही नाही.

उन्हाचा त्रास असेल. आज एक्केचाळीस होतं.

३ मे
आणखी पुष्कळ तुकडे हिरवे झाले आहेत. सगळे माझ्याशीच जुळलेले.

आज वच्छलाबाईंनी विचारलं, तुमच्या मालकीणबाई वांग्याच्या भाजीत काय घालायच्या? रोज सांगता ना, तशी चव नाय म्हणून. मी असं सांगत होतो? चव आठवायला गेलो. तिथे काही नाही. दात पडल्यावर जीभ जशी त्या जागी जाते, तसं झालं.

मूळ तुकडा पुसला जातो. दोघांकडचाही.

५ मे
इंद्रजीत आला, त्याला सरळ विचारलं. तो खोटं बोलला नाही, याचाच जास्त त्रास होतो.

करुणा दवाखान्यात असताना तिच्या मेंदूचे फोटो त्याने माझ्याकडून नेले होते. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो म्हणाला होता. कुठल्याच डॉक्टरला दाखवले नाहीत. त्यांचेच हे तुकडे केले. हजारो लोकांना पाठवून पाहिले, कुणाचंही उत्तर जुळेना. मग त्याला सुचलं, की तिच्याजवळ पंधरा वर्षं राहिलेला माणूस पाहिजे. म्हणून मला इथे आणलं. कीव आली म्हणून नाही.

मी म्हणालो, परत दे. तो म्हणाला, एकदा जुळलं की मूळ राहत नाही, दाजी. अन् तुम्हीच तर मान्य केलं. वर म्हणाला, मी तुमचं दुःखच नेतोय ना? तुम्हाला त्याचं काय करायचंय? माझी ताई परत येतेय.

मग त्याने मला ऐकवलं. भिंतीवरच्या स्पीकरमधून करुणा बोलली. आवाज तिचाच. इंद्रजीत डोळे पुसत होता. ती जयंतीचं सांगत होती. म्हणाली, चप्पल तुटली, ती परत फिरायला ऐकेना, मग मी तिच्या चपला हातात घेतल्या.

'मी' म्हणाली. चपला मी घेतल्या होत्या, सासूबाईंनी तसंच सांगितलं. अनवाणी चालणारी करुणा होती.

ती करुणा नाही. तिच्या आवाजात ते मी आहे. हे इंद्रजीतला सांगितलं. तो म्हणाला, तुम्हाला तिचं येणं सहन होत नाही.

९ मे
प्रोग्राम काढून टाकला. लॅपटॉप बंद केला, बॅटरीही काढली. पिवळ्याचं हिरवं होणं थांबत नाही. जोडीला माझंच नाव.

काल वाळूजला निघालो होतो. रिक्षात नुसता बसून होतो. उतरलो तेव्हा आमचं लग्न कुठे झालं ते गेलेलं होतं. दारातूनच परत आलो. जे गेलं ते इथल्या डिस्कमध्ये आहे. फोडल्या तर कुठेच उरणार नाही. फोडल्या नाहीत तर उरलेलंही—

रिकामा असलो की घेतं. हात चालू असले की घेत नाही. एवढं कळलं आहे.

११ मे
भांडी घासली. केबल सोडवल्या, पुन्हा बांधल्या. झोप आली की उभा राहतो. रांगेत थोडेच पिवळे उरले.

वच्छलाबाईंनी मला धरून बसवलं. म्हणाल्या, अहो, मरून पडाल, घोटभर चहा तरी निवांत घ्या. घेतला. कप ठेवला तेव्हा पडद्यावर— त्यांची चूक नाही.

आमच्या घराच्या दाराला कुठला रंग होता?

१२ मे, दुपार
एकच पिवळा उरला. कुठला ते मला माहीत आहे. दवाखान्यातली शेवटची सकाळ. तो देणार नाही. लिहीत राहायचं. हात थांबवायचा नाही. खिडकीत ऊन होतं, तिने माझा हात धरला, नखं वाढली होती, मी म्हटलं कापून देतो, ती म्हणाली उद्या. खिडकीत ऊन होतं, तिने माझा हात धरला, नखं वाढली होती—

स्पीकर कुणी लावला? इंद्रजीत इथे नाही.

तिच्या आवाजात बोलतंय. किती दमलात, म्हणतंय. बसा ना जरा. मी आहे ना.

ऐकायचं नाही. खिडकीत ऊन होतं, तिने हात धरला, नखं— करुणा असं म्हणायची. दमून आलो की असंच— माझ्याकडूनच घेतलं आणि माझ्यावरच—

खिडकीत ऊन. हात धरला. कुणी—

बाई बोलते आहे. चांगला आवाज आहे. ओळखीची नाही, पण माया आहे आवाजात. ती म्हणते ठेवा ते पेन. हात फार दुखतो. खिडकीत

जरा