जांभळाचं धुवण

आई, तुम्ही गेलात त्याला आता बावीस वर्षं होतील. इतक्या वर्षांत तुम्हाला उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती. या आषाढात आली, कारण तुमच्या मुलानं तुमचं नाव घेऊन मला, तुमच्या सुनेला, अडवलं. तुमची नात, जिला तुम्ही सहा वर्षांची सोडून गेलात, ती आता फळांच्या वाइनचा लहानसा कारखाना चालवते. शहराबाहेर, बरगीच्या वाटेवर, एका मैत्रिणीला सोबत घेऊन. परवाना आहे, भिंतीवर लावलेला आहे, मी चष्मा लावून पूर्ण वाचला. पावसाच्या तोंडाला जांभूळ, थंडीत पेरू आणि उन्हाळ्यासाठी कोदो-कुटकीच्या भरडधान्याची हलकी बीअर, असा तिचा वर्षाचा क्रम. मी विचारलं, "बारा महिने एकच काहून नाही बनवत? सोपं जाईल." ती म्हणाली, "मम्मी, इथं जे जेव्हा पिकतं तेच तेव्हा. लांबून मागवायचं नाही, महिना महिना बर्फात ठेवायचं नाही. आणि गर्मीत लोकांना हलकंच लागतं, थंडीत जरा भारी चालतं." मला एक फाल्गुनातली दुपार आठवली. बाजारात कैरी लवकर आली म्हणून मी पन्हं करून बसले होते, आणि तुम्ही पेला उचललादेखील नाही. "गौर बसली नाही अजून, आणि तुझा घसा आधी?" एवढंच बोललात. त्या वर्षापासून चैत्रगौरीच्या आधी या घरात पन्हं झालेलं नाही.

तुमच्या मुलाचं म्हणणं एकच होतं. "गढ्याच्या या वस्तीत तीन पिढ्या राहून राहिलो आपण. बड़ा फुहाऱ्याच्या चौकात कोणी विचारलं तर काय सांगू, मुलगी दारू बनवते? आई असती तर उंबऱ्यात पाय ठेवू दिला नसता." मी पोरीला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणे, कोणत्याही गोड रसाचा आंबट सिरका होतो तो आधी दारू होऊनच होतो. "आजी दर साल वाइनच तर बनवत होती, मम्मी. बस तिथं थांबत नव्हती." मी मॅट्रिक झालेली बाई, मला त्यातलं शास्त्र काय कळणार. पण मी भाजी निवडता निवडता थांबले आणि तुमच्या जांभळाच्या सिरक्याची बरणी समोर आली. लग्नानंतरचा माझा पहिला पावसाळा. बरणी तुम्ही मागच्या ओसरीवर ठेवता, तोंडाला फडकं बांधता, आणि आंबट होईपर्यंत तिला स्वयंपाकघरात येऊ देत नाही, देवघराच्या बाजूला तर नाहीच. आठव्या-नवव्या दिवशी आतून फसफस ऐकू येते. मी फडकं उचलायला जाते आणि तुम्ही अंगणातून म्हणता, "या दिवसांत तिच्याकडे पाहायचं नाही. तिचं ती पाहील." मला वाटलं होतं, नव्या सुनेचा हात लागू नये म्हणून. आता समजतं, आत काय होऊन राहिलं आहे ते तुम्हाला पक्कं माहीत होतं. तुम्ही फडकं बांधून तेवढे दिवस जाऊ देत होतात. हे मी तुमच्या मुलाला सांगितलेलं नाही. सिरक्यावर त्यांचा फार जीव आहे.

म्हणून वाइनशी माझं भांडण नव्हतंच. मी पीत नाही, चाखलीही नाही, चाखणार नाही. माझं भांडण दुसरंच झालं. पहिल्यांदा कारखाना पाहायला गेले त्या दिवशी जांभूळ धुणं चाललं होतं. मोठा नळ सोडलेला, क्रेटवर पाण्याची धार, टाक्या घासून झाल्या की त्यांच्यावर पुन्हा तीच धार. आणि मागच्या दारानं ते सगळं जांभळं, चिकट पाणी एका नालीतून बाहेर जात होतं. मी विचारलं, "हे कुठं जातं?"

"नाल्यात."

"आणि नाला?"

ती दुसरीकडे पाहू लागली. "तुला माहीत आहे ना, मम्मी."

मला माहीत होतं. नाला नर्मदेत जातो. दर अमावास्येला मी ग्वारीघाटावर मैयाला दिवा सोडते, आणि माझीच पोरगी वरून धुवण सोडत होती. वर तीच मला शिकवते की रसाचं गोड पाणी नदीत गेलं की मासे गुदमरतात. ती म्हणाली, बाटल्या आम्ही परत घेतो, धुऊन पुन्हा भरतो, चोथा खताला देतो, सौर दिवे लावलेत. सांडपाण्याची टाकीही होणार आहे, पण बांधणारा दिवाळीनंतर येतो म्हणाला. "आत्ता चाळीस क्रेट माल पडलाय. आज नाही धुतला तर परवा सडेल, मम्मी. पूर्ण सीझन जाईल आमचा." मी म्हटलं, "आजच धुऊ. पण नाल्यात एक लोटाही जाणार नाही. गेला, तर मी इथंच नालीत बसते." तिची मैत्रीण घाबरून माझ्याकडे पाहून राहिली होती. पोरगी घाबरली नाही, कारण तिला माहीत आहे की मी खरंच बसले असते.

आई, त्या वेळी मला तुमच्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही. माझ्या लग्नाला महिना झाला असेल. मी सहा बरण्या नळाखाली धुतल्या, प्रत्येकीला तीन तीन पाणी, आणि सगळं ओतून दिलं. तुम्ही ओट्याशी आलात आणि म्हणालात, "काहून फेकलं? पहिल्या बरणीचं शेवटचं पाणी दुसरीच्या अंगावर घाण होतं का?" मग मला बसवून दाखवलंत. स्वच्छ पाणी फक्त शेवटच्या धुण्याला. तेच पुढच्या बरणीच्या मधल्या धुण्याला, तेच मग पहिल्या धुण्याला, आणि सगळ्यात मळकं असेल ते कढीपत्त्याच्या बुडाशी. मला तेव्हा रडू आलं होतं. माहेरी आमच्याकडे विहीर होती, पाण्यासाठी कुणी बोललं नव्हतं कधी.

मी तिथं चार टब ओळीनं मांडले. जांभूळ पहिल्या टबातून चौथ्याकडे जाईल आणि पाणी चौथ्यातून पहिल्याकडे येईल. नवं पाणी फक्त चौथ्यात. पहिल्याचं धुवण ड्रममध्ये, आंबटपणा मरायला त्यात चुना, आणि तिथून शेजारच्या शेतकऱ्याच्या पेरूच्या बागेत. त्याला पोरीनं जाऊन विचारलं, तो हो म्हणाला. कामाला गावातल्या बायका आहेत. त्यांतली एक वयस्क बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अम्मा, ऐसे तो शाम हो जाएगी." मी म्हटलं, "हो जाने दो. शाम को कौन-सी बारात में जाना है." ती हसली, तिनं पदर खोचला. चाळीस क्रेट दिवेलागणीला संपले. तळाची काही जांभळं सडली होती, ती मी मोजू दिली नाहीत. रोज जिथं साठ बादल्या पाणी जायचं तिथं सतरा गेलं. पोरीनं बादल्या दोनदा मोजल्या. मग म्हणाली, "उद्या येशील?"

उद्या जायचं तर घरी सांगायला हवं होतं. तुमचा मुलगा म्हणाला, "एक दिवस पाहायला गेलीस ते ठीक. रोज जाशील? माझ्या आईनं केलं असतं हे?" मी फुलवाती वळत होते. मान वर न करता म्हटलं, "आईच आल्या होत्या पहाटे स्वप्नात. म्हणाल्या, जा, पाणी सांभाळ." ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर पुसून दाराशी उभे होते. आज बारावा दिवस, रोज सोडायला येतात. मधे एकादशीला मी गेले नाही, पण त्या दिवशी ते एकटेच जाऊन टब बघून आले. टाकी होईपर्यंत मी जाणार आहे. पेरूच्या वेळीही जाणार आहे. त्यात आता कुणाला विचारायचं नाही.

पण आई, स्वप्न पडलंच नव्हतं. तुम्ही आला नव्हतात. मी देवासमोर बसून, हातात वात धरून, तुमच्या नावानं खोटं बोलले. त्याचं मला तेवढं वाटलं नसतं. पण पहिल्या दिवशी गाडीवर त्यांनी विचारलं, चेहरा कसा होता, बरी दिसत होती का, काय नेसली होती. मी सांगत गेले. मग पुलाच्या अलीकडे स्कूटर हळू करून म्हणाले, "मला एकदाही नाही आली ती. बावीस वर्षांत."

हा कागद त्यांच्या हाती लागायला नको, म्हणून गव्हाच्या कोठीत अगदी तळाशी ठेवते आहे. मी त्यांना हिरव्या काठाचं लुगडं सांगितलं आहे. कधी त्यांच्याकडे आलात, तर तेच नेसून या.